खाली सही करणारा

त्या वसतिगृहात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. पाचवीत आली तेव्हापासून तिची एक सवय. कोणी काहीही सांगितलं, की हात वर करायचा आणि म्हणायचं, "एक शंका आहे." उंचीने ती वर्गात सगळ्यांत लहान. त्यामुळे पहिल्याच महिन्यात मुलींनी तिचं नाव लघुशंका ठेवलं. दोन आठवडे ती चिडली. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच वहीच्या कव्हरवर ते नाव सुवाच्य अक्षरात घातलं. आता चिडवण्यात काही राम राहिला नाही. पुढे बोलायला सोपं म्हणून 'लघु' गळालं आणि नुसती शंका राहिली.

रेक्टरबाईंचा आणि तिचा छत्तीसचा आकडा होता तो या शंकांमुळेच. मुलींच्या खोल्या, त्यांचे दिवे, त्यांच्या वेण्या, त्यांची पत्रं, सगळं रेक्टरबाईंच्या ताब्यात. दाराशी एक पाटी होती आणि तिच्यावर एक्केचाळीस नियम. नववा नियम, 'मुलींनी मोठ्याने हसू नये.' शंकाने हात वर केला.

"मोठ्याने म्हणजे किती, बाई?"

रेक्टरबाई घाईत होत्या. "शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकं," म्हणाल्या आणि तिथेच फसल्या. त्याच रविवारी शंकाने आपली मैत्रीण खांब हिला वही-पेन्सिल देऊन शेजारच्या खोलीत बसवलं. खांब म्हणजे वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी. दोघी बरोबर चालू लागल्या की एकावर एक अकरा नव्हे, एकावर अर्धा असा हिशेब दिसायचा. या खोलीत मुलींना पाळीपाळीने हसायला लावलं, त्या खोलीत खांबने नोंदी केल्या. निष्कर्ष असा निघाला की भिंत इतकी पातळ आहे की पलीकडे जांभईसुद्धा ऐकू जाते. मग रीतसर अर्ज गेला. नियम पाळण्याची आमची मनापासून इच्छा आहे, तरी भिंत जाड करून मिळावी. खाली चौदा सह्या.

रेक्टरबाईंनी तो अर्ज फाडला नाही. फाडला असता, तर अर्ज फाडण्याचा नियम कितवा, अशी शंका आली असती. त्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला आणि डोक्याला बाम लावला.

पण तिची एक शंका नुसत्या खोडीची नव्हती. ती घरून आणलेली होती.

घरी पंखे आणि पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पाटीवर नाव मामाचं, कामावर हात आईचा. गिऱ्हाईक यायचं आणि काउंटरमागे बसलेल्या आईला विचारायचं, "कारागीर कुठे गेले?" आई म्हणायची, "आत आहेत, बोलावते." मग मामा हात पुसत बाहेर यायचा, पंखा दोन्ही बाजूंनी बघायचा, "हं, बघावं लागेल," म्हणायचा आणि आत नेऊन आईपुढे ठेवायचा.

"काय झालंय गं याला?"

"वाइंडिंग जळलंय. उद्या दुपारी या म्हणावं."

मामा बाहेर येऊन भारदस्त आवाजात सांगायचा, "वाइंडिंग जळलंय. उद्या दुपारी या." मामा वाईट माणूस नव्हता. कधीकधी त्याचं त्यालाच हसू यायचं.

शंकाने एकदा आईला विचारलं, "तूच का नाही सांगत?" आई तेव्हा तांब्याच्या तारेचे वेढे देत होती. मोजणी चुकू नये म्हणून तिने शंभर पुरे होईपर्यंत तोंड उघडलं नाही. मग म्हणाली, "माझ्याकडे कागद कुठाय? कागद असता तर भिंतीवर लावला असता. मग त्यांना मलाच विचारावं लागलं असतं."

तो कागद मिळायची सोय शंकाच्या शाळेत होती. नववीत एक हस्तकाम निवडायचं. दोन वर्षं वीजकाम केलं, की परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र मिळे. मुलं वीजकाम किंवा सुतारकाम घेत, आणि मुली शिवण. असा नियम मात्र कुठे लिहिलेला नव्हता. शंकाने एक्केचाळीस नियम तीनदा वाचून काढले. नियम नव्हता, नुसतं तसं होतं. लिहिलेल्या नियमाशी भांडता तरी येतं. तसं असण्याशी भांडायचं म्हणजे धुक्याला चिमटा काढायचा.

निवडीचा अर्ज छापील होता. 'मी खाली सही करणारा विद्यार्थी, इयत्ता नववी, हजेरी क्रमांक अमुक, हस्तकाम म्हणून अमुक विषय घेऊ इच्छितो.' शंकाने पेन काढलं. 'करणारा'चं 'करणारी' केलं, 'विद्यार्थी'चं 'विद्यार्थिनी', 'इच्छितो'चं 'इच्छिते'. मोकळ्या जागेत 'वीजकाम' लिहिलं आणि कागद घेऊन ऑफिसात गेली.

ऑफिसात भाऊसाहेब होते. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे हेडक्लार्क, आणि त्यांचा जन्माचा वैरी म्हणजे खाडाखोड. खोडलेली एक मात्रा दिसली तरी त्यांच्या पोटात कळ यायची. त्यांच्या लग्नपत्रिकेत वेळ चुकून दोन तास आधीची छापली गेली, तेव्हा पत्रिकेत खाडाखोड नको म्हणून त्यांनी लग्नच दोन तास आधी लावलं, असं शाळेत सांगत. भाऊसाहेबांनी ते कधी नाकारलं नाही.

"हे काय केलंस?" त्यांनी कागद दोन बोटांत धरला.

"काय, भाऊसाहेब?"

"खाडाखोड. तीन ठिकाणी."

"मी मुलगी आहे म्हणून..."

"ते मला दिसतंय. फॉर्मला दिसत नाही. फॉर्म जसा छापलाय तसाच भरायचा."

"पण मी करणारा नाहीये. करणारी आहे."

"सही करतेस ना? मग झालं. अठरा वर्षं मुली हाच फॉर्म भरतायत. एकीला तरी मिशी आली?"

"म्हणजे करणारा विद्यार्थी, इच्छितो, असंच लिहून देऊ?"

"तू कशाला लिहितेस? ते छापलेलंच आहे. तू आपल्या मोकळ्या जागा भर."

"नंतर कोणी काही म्हणणार नाही ना?"

"कागद स्वच्छ असला की कोणाची टाप नाही काही म्हणायची," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी तिला नवा फॉर्म दिला.

तिने तिथेच उभ्याने तो भरला. भाऊसाहेबांनी कागद उजेडाकडे धरून बघितला. कुठे डाग नाही, कुठे काट नाही. समाधानाने त्यांनी 'पाहिला'चा शिक्का मारला. विषयाच्या जागी काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंच नाही. स्वच्छ कागद ते वाचत नसत. मग हजेरी क्रमांक नेहमीप्रमाणे विषयवार उतरवले गेले आणि वीजकामाच्या यादीत, एकोणीस नंबरला, शंका जाऊन बसली. ही यादी शुक्रवारी परीक्षा मंडळाकडे जायची होती. एकदा गेली की दोन वर्षं पक्की.

सोमवारी पाच वाजता ती मैदानापलीकडच्या कार्यशाळेत हजर झाली. वीजकाम शिकवायला मिस्त्रीसर होते. बोलणं कमी, आणि तेही बहुतेक स्क्रू-ड्रायव्हरशी.

"शिवणवर्ग तिकडे," ते मान वर न करता म्हणाले.

"माझा नंबर तुमच्या यादीत आहे, सर. एकोणीस."

मिस्त्रीसरांनी यादी बघितली, मग तिला बघितलं, मग पुन्हा यादी बघितली. यादी आणि माणूस जुळत नसेल तर काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपलं नेहमीचं केलं. स्टँडवर एक पंखा टांगलेला होता, त्याच्या सुट्या तारांकडे बोट दाखवून म्हणाले, "जोड."

जन्मापासून पंख्यांत वाढलेली मुलगी. तिने बाह्या सरसावल्या, तारा जोडल्या, कंडेन्सर लावला आणि ऐटीत बटण दाबलं. पंखा फिरला. पण उलटा फिरला. वारा खाली यायच्या ऐवजी वर गेला आणि वरच्या तुळईवर कित्येक वर्षं स्वस्थ पडलेली धूळ मिस्त्रीसरांच्या डोक्यावर उतरली. अठरा मुलं पोट धरून हसली. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकं. त्यांना कुठला आलाय नियम.

"जोडणी येत नाही तुला," मिस्त्रीसर केस झटकत म्हणाले.

"नाही येत," शंका म्हणाली. तिचे कान तापले होते. "म्हणूनच आलेय."

सहा वाजून गेले आणि दारात रेक्टरबाई. मुलींचं फाटक सहाला बंद होई आणि सहाच्या मोजणीत एक मुलगी कमी भरली होती. त्यांनी शंकाला मनगटाला धरून मैदान ओलांडून नेलं. वाटेत जे बोलणं झालं ते सगळ्या मैदानाने ऐकलं.

"मुलींनी सहानंतर बाहेर राहू नये. नियम सातवा. वाचता येतं ना?"

"बाई, तो मुलींसाठी आहे. मी विद्यार्थी आहे. खाली सही करणारा."

"काय बडबडतेस?"

"मी करणारी लिहिलं होतं. भाऊसाहेब नको म्हणाले. विचारा हवं तर."

रेक्टरबाईंनी विचारलं. भाऊसाहेबांनी स्वच्छ फॉर्म काढून दाखवला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. फॉर्म चूक म्हणावा, तर अठरा वर्षांचे सगळ्या मुलींचे फॉर्म चूक ठरतात. बरोबर म्हणावा, तर ही समोर उभी. "हे मोठ्या बाईंच्या कानावर घालावं लागेल," ते म्हणाले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या बाहेरगावी गेल्या होत्या, गुरुवारी येणार होत्या. तोवर शंकाने खोलीतच राहायचं ठरलं.

तिला खोलीत ठेवलं ही मोठीच चूक झाली. मोकळी असती तर एकटी फिरली असती. खोलीत तिला तेरा जणी मिळाल्या.

"फॉर्म तर तुम्हीपण भरलात," शंका म्हणाली. "तुम्हीपण इच्छितो. कागद खोटा ठरवणाऱ्या आपण कोण?"

मंगळवारी सकाळी रेक्टरबाईंनी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. आतून खांबचा आवाज आला, "आलो, बाई. आंघोळ करतो."

रेक्टरबाई दोन पावलं मागे सरकल्या.

दुपारपर्यंत लोण सगळ्या मजल्यावर पसरलं. 'मी दमलो', 'मी पडलो', 'मी तर रात्रभर झोपलोच नाही'. सगळ्यांत धाकटी, पाचवीतली, घरच्या आठवणीने रडत म्हणाली, "मी आईकडे जातो," आणि तिला आपण चळवळीत आहोत हे माहीतही नव्हतं; मोठ्या मुलींचं ऐकून जीभ वळली होती. रेक्टरबाईंनी दटावलं की मुली अदबीने म्हणत, "कागदोपत्री तसं आहे, बाई." भाऊसाहेब एका कामासाठी आले, तर फाटकाशीच खांब म्हणाली, "मी तुमचीच वाट बघत होतो." भाऊसाहेब काम न सांगताच परत गेले.

या सगळ्या गमतीत शंका मात्र संध्याकाळी खिडकीशी गप्प बसे. मैदानापलीकडे कार्यशाळेचा दिवा दिसे. खांबने एकदा विचारलं, "घाबरलास का रे?"

"पंखा उलटा फिरला गं," शंका म्हणाली. "आईने ऐकलं तर काय म्हणेल. आणि यादी शुक्रवारी जाते. मला शिवणात घातलं तर मीपण जन्मभर 'आत आहेत, बोलावते' म्हणत बसेन."

गुरुवारी मोठ्या बाईंच्या खोलीत पाच माणसं जमली. बाई स्वतः, रेक्टरबाई, भाऊसाहेब, मिस्त्रीसर आणि दाराशी शंका. मोठ्या बाई प्रवासातून दमून आल्या होत्या आणि त्यांना हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं.

"तुम्ही काय बघितलंत, सांगा," त्या रेक्टरबाईंना म्हणाल्या.

"बाई, मी शोधत शोधत कार्यशाळेत गेलो, तेव्हा ही..." रेक्टरबाई थांबल्या. त्यांनी ओठ आवळले. मिस्त्रीसरांनी खिडकीबाहेर बघितलं. "गेले," रेक्टरबाई म्हणाल्या. "गेले. तीन दिवस हेच ऐकतेय मी. डोकं जाग्यावर राहिलेलं नाही."

"मिस्त्रीसर, काम जमेल हिला?"

"पंखा उलटा फिरवला," मिस्त्रीसर म्हणाले.

"बघा," रेक्टरबाई म्हणाल्या. "येत नाही ते नाहीच, वर हट्ट."

"त्या वर्गात कोणालाच येत नाही, बाई," शंका म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "त्यांना येत नाही म्हणून शिकवतात. मला येत नाही म्हणून घालवतात."

"ते खरंय," मिस्त्रीसर म्हणाले. "बाकीच्यांना तर पंख्याला तारा असतात हेच सोमवारी कळलं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना मुलीचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. पण एका मुलीसाठी फाटक, वेळापत्रक, पालकांचे प्रश्न, एवढं सगळं हलवायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा आला. अशा वेळी हुकूम काढणं सोपं. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'सदर विद्यार्थिनीचा अर्ज चुकीच्या नमुन्यात असल्याने रद्द करण्यात येत आहे.' खाली सही केली. भाऊसाहेबांनी तत्परतेने शाईची पेटी पुढे केली आणि बाईंनी शिक्का उमटवला.

कागद शंकाला तिच्या बाजूने उलटा दिसत होता. रडू येऊ नये म्हणून तिने तो वाचायला घेतला, आणि सवयीने हात वर गेला.

"एक शंका आहे."

"झालं," रेक्टरबाई म्हणाल्या.

"शिक्क्यावर मुख्याध्यापक लिहिलंय. बाई तर मुख्याध्यापिका आहेत. मग हा हुकूम कोणी काढला?"

मोठ्या बाईंनी शिक्का उचलून उलटा करून बघितला, जणू आज पहिल्यांदा हातात आलाय. खरं तर तो त्यांना ठाऊक होता. या खुर्चीवर बसल्या त्या वर्षी त्यांनी नवा शिक्का मागितला होता. भाऊसाहेब 'पाहू' म्हणाले होते. त्यालाही अकरा वर्षं झाली.

"त्याचं असं आहे," भाऊसाहेब पुढे सरले, "पद ते पद. त्यात बाई-माणूस असं काही नसतं. मुख्याध्यापक म्हणजे या खुर्चीत जो बसेल तो."

"जो बसेल तो?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे, जो किंवा जी."

"असं होय. आणि विद्यार्थी म्हणजे?"

भाऊसाहेबांना पुढचा खड्डा दिसला, पण पाय पडून गेला होता. "त्या बाकावर... जो किंवा जी," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"नमुना चूक असेल, तर माझा हुकूमही चूक. अकरा वर्षांचे सगळेच. तुमच्या बढतीचासुद्धा." बाईंनी हुकूम उचलला. भाऊसाहेबांना वाटलं आता त्यावर काट मारतील, म्हणून त्यांनी डोळे मिटले. बाईंनी त्याचे सरळ चार तुकडे केले. "यादी आहे तशी उद्या पाठवा. हिच्यासाठी नाही हो. मला माझे कागद शाबूत हवेत."

पण शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी शंकाकडे बघितलं नाही, आणि त्यांचे कान थोडे लाल झाले होते.

"आणि फाटक?" रेक्टरबाई म्हणाल्या. "सातला वर्ग सुटतो. अंधारात मैदानातून आणायचं कोणी हिला?"

"तुम्ही," मोठ्या बाई म्हणाल्या.

अशा रीतीने शंकाला वीजकाम मिळालं आणि रेक्टरबाईंनाही मिळालं. रोज पाच ते सात त्या कार्यशाळेच्या कोपऱ्यात विणकाम घेऊन बसू लागल्या. पहिला आठवडा त्या कोणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "ही काळी तार आणि ती लाल, असं का?" मिस्त्रीसरांनी सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने काळ्या जागी लाल लावली, तेव्हा विणता विणता रेक्टरबाईच ओरडल्या.

भाऊसाहेबांनी नवे फॉर्म छापून घेतले. 'करणारा/करणारी, इच्छितो/इच्छिते. नको असेल ते खोडावे.' गठ्ठा हातात आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आता शाळेतल्या प्रत्येक फॉर्मवर खाडाखोड होणार, आणि तीही त्यांच्याच सांगण्यावरून. ते दोन दिवस रजेवर गेले.

शंकाने आईला सविस्तर पत्र लिहिलं, फॉर्म, शिक्का, तुकडे, सगळं. आईचं उत्तर चार ओळींचं आलं. 'तुझं पत्र मिळालं. पंखा उलटा फिरला म्हणजे सुरुवातीच्या कॉइलची टोकं उलटी लागली. ती दोन बदल. मामालाही हे दहादा सांगितलंय.' खाली दुकानातल्या समोरच्या भिंतीवरच्या मोकळ्या जागेचं माप दिलं होतं, रुंदी आणि उंची, इंचांत.

त्या आठवड्यात स्विचबोर्ड करायचे होते. एकोणीस फळ्या, एकोणीस जणांसमोर. शंकाने मन लावून तारा कापल्या, टोकं सोलली, स्क्रू घट्ट केले आणि शेवटची तार लावायला गेली, तर ती बोटभर आखूड. पुन्हा तपासलं. बोटभर आखूडच.

मिस्त्रीसर मागे येऊन उभे होते. वर्गात कोणी चुकलं की त्याला काय म्हणायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. पण आजवर समोर कायम मुलगाच असायचा. ते क्षणभर थांबले. सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. कोपऱ्यातल्या सुयाही थांबल्या. शेवटी त्यांना आठवलं की तो शब्द ना तो असतो, ना ती असते.

"गाढव," ते म्हणाले. "आधी मापायचं, मग कापायचं."

"हो, सर," शंका म्हणाली. आत्तापर्यंत तिला या शाळेत खूप जणांनी खूप काही म्हटलं होतं, पण अठरा मुलांना म्हणतात अगदी तेच म्हणणारे हे पहिलेच. तिने आखूड तार सोडवली, फळीवर नवी धरून बघितली आणि बोटभर जास्तीच ठेवून कापली.